जुनी भिंत आणि मांडवाचा दोर

१७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने असीरगड आणि बऱ्हाणपूर पेशव्यांना दिले, पुढे हा मुलूख शिंद्यांकडे गेला. आपल्या चांदनी-बऱ्हाणपूर भागात मराठी वावर वाढला तो त्यानंतर. वाड्यांची बांधणीही देशावरचीच आली. लाकडी खांब आणि तुळयांचे खण, भोवती दीड-दोन हात जाड भिंत. छपराचे ओझे मुख्यतः लाकूड वाही. आपण मात्र जाडी बघून भिंतीलाच बळकट म्हणतो.

ही जाडी फसवी असते. बहुतेक वेळा आत-बाहेर दगडांचे दोन पदर असतात आणि मध्ये माती-खडीची भर. दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड नसेल, तर ती एक भिंत नव्हे, शेजारी उभ्या दोन बारीक भिंती होत. किल्लारीला हेच दिसले. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी, विसर्जन करून गाव झोपलेले, आणि पहाटे चारच्या आत धरणी हलली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे पदर फुटून घरात कोसळले. हजारो माणसे गेली. कित्येक घरांत लाकडी खण मात्र उभेच होते.

भूकंप तर लांबच राहिला, आमच्या मंडळाला मांडवाच्या दोराने शिकवले. एके वर्षी दोर एका जुन्या भिंतीच्या माथ्याला बांधला. रात्री वारा सुटला आणि वरचे दोन थर दोरासकट खाली आले. सुदैवाने आरती आटोपली होती. चुन्याचा सांधा दाब सोसतो, ओढ सोसत नाही. तळाशी वरच्या वजनाने दगड घट्ट बसलेले असतात. माथ्यावर दाबायला काहीच नसते, म्हणून माथा सर्वांत कच्चा.

तेव्हापासून आम्ही आधी भिंत तपासतो. ओळंबा सोडून फुगवटा बघतो. हातोडीने हलके ठोकतो. पोकळ आवाज आला की पदर सुटला समजायचे. सांध्यात खिळा फिरवून चुना भुगा होऊन गळतो का, तेही बघतो. वरून सिमेंटचा गिलावा असेल तर जास्तच संशय घेतो, कारण त्याने ओल आत कोंडते. घरात झोपाळ्याची कडी तुळईलाच हवी. पाण्याची टाकी किंवा जड फळी भिंतीला टांगायचीच असेल, तर आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावावी, तीही जाणत्या गवंड्याला दाखवून.

यंदा मांडवाचे सगळे दोर जमिनीत पुरलेल्या खुंट्यांना आहेत. गल्ली थोडी अडली आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.