लाईट बिल आणि घरपट्टी मोबाईलवरून कशी भरायची? मुदत उलटली तर काय करायचं?

मित्रांनो, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नगरला (आताचं अहिल्यानगर) रूम घेतली की लाईट बिल बहुतेक आपल्याच गळ्यात पडतं. घरी असलो तरी "मोबाईलवरून तेवढं बिल भरून टाक" हे काम आपलंच. चला तर मग, नीट समजून घेऊ.

लाईट बिल कसं भरायचं?

१. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि ४ अंकी बिलिंग युनिट (बीयू) जवळ ठेवा.
२. महावितरणचं ॲप किंवा वेबसाईट उघडा. फोन पे, गुगल पे यांसारख्या ॲपमधूनही बिल भरता येतं.
३. क्रमांक टाकल्यावर ग्राहकाचं नाव दिसतं. भाड्याच्या घरात ते बहुधा मालकाचं असतं. नाव जुळलं तरच पुढे जा. एक अंक चुकला तर दुसऱ्याचंच बिल भरलं जातं.
४. पैसे भरल्यावर पावती सेव्ह करा.

महावितरणच्या दरपत्रकात डिजिटल पेमेंटला ०.२५ टक्के (जास्तीत जास्त ५०० रुपये) आणि बिल निघाल्यापासून ७ दिवसांत भरल्यास १ टक्का सूट दिलेली आहे. कागदी बिल बंद करून ई-बिल घेतलं तर दर बिलामागे १० रुपये वाचतात.

उशीर झाला तर?

देय दिनांक चुकला की १.२५ टक्के विलंब आकार लागतो. १,२०० रुपयांच्या बिलावर तो होतो १५ रुपये. रक्कम किरकोळ वाटते, पण थकबाकी राहिली तर पुढे व्याजही चढतं आणि कनेक्शन तुटू शकतं. तुटलेलं कनेक्शन जोडायला वेगळे पैसे पडतात.

मात्र न सांगता लाईट कापता येत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलच चुकीचं वाटत असेल, तर बिलाची रक्कम किंवा मागच्या ६ महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती, हरकत नोंदवून भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

घरपट्टीत उशीर जास्त महाग

महापालिकेच्या मालमत्ता कराची मुदत संपली की दरमहा २ टक्के शास्ती लागते. म्हणजे ६,००० रुपये थकले तर महिन्याला १२० आणि वर्षाला १,४४० रुपये! हातात पैसे कमी असतील तर लाईट बिल आधी भरा, पण घरपट्टी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ठेवू नका.

सावेडी, केडगावचा कर महापालिकेकडे जातो. भिंगार कॅन्टोन्मेंट हद्दीत घर असेल तर कर छावणी परिषदेचा. त्यासाठी ई-छावणी पोर्टल आहे.

पैसे कटले, पण बिल भरलंच नाही?

घाईत लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी ॲपमध्ये स्टेटस बघा. व्यवहार 'फेल' झाला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा यूपीआय पेमेंटचे पैसे ५ दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. स्टेटस 'सक्सेस' असेल आणि बिलात थकबाकीच दिसत असेल, तर पावतीवरचा व्यवहार क्रमांक देऊन ॲपमध्येच तक्रार टाका. महावितरणसाठी १९१२ वर फोन करा.

हा मेसेज आला तर सावध!

"मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० ला लाईट कट होईल, या नंबरवर फोन करा." साध्या १० अंकी मोबाईल नंबरवरून असा मेसेज आला की समजायचं, फसवणूक आहे. त्या नंबरवर फोन करू नका, लिंक उघडू नका, सांगतील ते ॲप टाकू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.

घरातल्या मोठ्यांनाही हे आजच सांगून ठेवा, कारण असा मेसेज त्यांच्याही फोनवर येऊ शकतो.