स्मॅशची अचूकता (बॅडमिंटन)

बॅडमिंटनमध्ये डोक्यावरून जोराने खाली मारलेले शटल प्रतिस्पर्ध्याच्या मैदानात ठरविलेल्या जागी पाडण्याच्या क्षमतेस स्मॅशची अचूकता म्हणतात. बालखेळाडूंना मात्र वेगाचेच आकर्षण अधिक असते. सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी २०२३ मध्ये जपानमध्ये नोंदविलेला ताशी ५६५ किलोमीटरचा विक्रमी वेग हा शटल रॅकेटवरून सुटतानाचा आहे. पिसांना होणाऱ्या हवेच्या विरोधामुळे तो झपाट्याने घटतो. सांगलीचे नंदू नाटेकर (१९३३–२०२१) यांची ख्याती मनगटाच्या फसव्या व नेमक्या फटक्यांसाठी होती. त्यांनी १९५६ मध्ये मलायातील सेलंगोर स्पर्धा जिंकली.

जाळी मध्यभागी १.५२४ मीटर उंच असते. त्यामुळे ठेंगण्या मुलाने मागील रेषेजवळून मारलेला स्मॅश एकतर जाळीत अडकतो, नाहीतर जवळजवळ सपाट जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवर आयता पोहोचतो. हा दोष मुलाच्या ताकदीचा नसून भूमितीचा आहे. म्हणून आरंभी मैदानाच्या मध्यातून स्मॅश आणि मागून क्लिअर किंवा ड्रॉप शिकविणे इष्ट ठरते.

'''सराव'''

अचूकतेचा पाया पदन्यास हा होय. शटलखाली वेळेवर पोहोचून ते शरीराच्या किंचित पुढे व हात पूर्ण उंचावलेला असताना मारावे लागते. पकड सैल ठेवून ती फटक्याच्या क्षणीच आवळली जाते. प्रशिक्षक एकामागून एक शटले देतो आणि खेळाडू जमिनीवर ठेवलेल्या कड्यांवर किंवा खोक्यांवर नेम धरतो. प्रथम एकाच जागी, मग अनपेक्षित जागी शटल दिले जाते. दहापैकी किती नेम लागले याची नोंद थकव्यानंतरही घेतल्यास खरी प्रगती कळते. लक्ष्य रेषेच्या वीतभर आत असावे. प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटकडील कमरेचा भागही उपयुक्त ठरतो. पिसे तुटलेली शटले काटकसरीसाठी वापरली जातात, पण ती डगमगत जात असल्याने नेमाच्या सरावास निरुपयोगी असतात.

वाढत्या वयात खांद्यावर वारंवार पडणारा ताण दुखापतीस कारण ठरतो. त्यामुळे वेदना जाणवताच सराव थांबवावा लागतो.

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर पट्ट्यासारख्या किनारी भागात उघड्यावर खेळताना दुपारच्या समुद्री वाऱ्याने शटल भरकटते. चूक हाताची की वाऱ्याची, हे मुलास उमगत नाही. सभागृह नसेल तेथे पहाटेची वेळ व नायलॉनचे शटल हा पर्याय असतो. मात्र त्याचे उड्डाण पिसांच्या शटलाहून वेगळे असल्याने स्पर्धेपूर्वी पिसांच्या शटलाचा सराव आवश्यक ठरतो.