स्वतंत्रपूर खुली वसाहत

स्वतंत्रपूर ही सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळची शिक्षाधीन बंदिवानांची खुली वसाहत आहे. तत्कालीन औंध संस्थानात १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिची स्थापना झाली. बंदिवानांनी कुटुंबासह राहून शेती करावी, हे तिचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

औंध (आता सातारा जिल्हा) येथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी २१ जानेवारी १९३९ रोजी नवी राज्यघटना लागू करून सत्ता प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपवली. या प्रयोगाला महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रायडमन उर्फ स्वामी भारतानंद यांचा त्यात प्रमुख वाटा होता. खुल्या वसाहतीच्या कल्पनेचे श्रेयही सामान्यतः फ्रायडमन यांना दिले जाते.

चित्रपटातील प्रतिमा

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट या प्रयोगावरून सुचला. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर हे आटपाडी परिसरातीलच होते. चित्रपटातील तुरुंगाधिकारी सहा खुन्यांना एकट्याच्या बळावर सुधारतो आणि अखेरीस प्राणार्पण करतो. तो फ्रायडमन यांचे चरित्र नव्हे. फ्रायडमन यांचे निधन १९७० च्या दशकात मुंबईत झाले.

मूल्यमापन

चित्रपटामुळे प्रयोगाची कीर्ती झाली, पण श्रेय एका व्यक्तीभोवती एकवटले. वस्तुतः फ्रायडमन यांच्यापाशी कल्पना होती, अधिकार नव्हता. जमीन देण्याचा आणि कैदी भिंतीबाहेर ठेवण्याचा निर्णय संस्थानाचा होता. त्यातील धोका आटपाडीच्या शेजाऱ्यांनी पत्करला, आणि माणदेशाच्या अवर्षणग्रस्त मातीत श्रम केले ते बंदिवानांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी.

प्रयोगाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. वसाहत लहान होती. मोजक्या बंदिवानांवर टाकलेला विश्वास सार्थ ठरला, म्हणून तो प्रत्येक गुन्हेगाराबाबत ठरेलच, असे अनुमान त्यावरून काढता येत नाही. मात्र भारतात इतरत्र खुल्या तुरुंगांची चळवळ प्रामुख्याने स्वातंत्र्यानंतर वाढली. औंधने ते पाऊल त्यापूर्वी उचलले, हे ऐतिहासिक महत्त्व उरतेच.

१९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तरी वसाहत बंद पडली नाही. पुढे ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आली. प्रवर्तक दूर झाल्यावरही संस्था टिकणे, हा त्यांच्या कार्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मानावा लागतो.