खिळ्यांच्या पाटावरची गोळी

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. तुम्ही शहापूरचे असा वा मुरबाडचे, बैलबाजार पाहून झाला की पाय खेळांच्या पालांकडे वळतातच. तिथे पैसे टाकताना मनात येते, यात हाताची करामत किती आणि नशीब किती? हा प्रश्न केवळ आपल्या यात्रेचा नाही बरे!

घरातला बगाटेलचा पाट आठवा. उतरती फळी, खिळे, गोळी आणि स्प्रिंगचा दट्ट्या. या खेळाला पॅरिसच्या बगातेल प्रासादावरून नाव पडले, असे सांगतात. आधी गोळी काठीने ढकलीत. १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह याने स्प्रिंगच्या दट्ट्याचे पेटंट घेतले. पुढे नाणे टाकून खेळायची यंत्रे निघाली, तीच पिनबॉल. पण गोळी एकदा सुटली की खेळणारा नुसता बघ्या! म्हणून १९४२ साली न्यूयॉर्कने त्याला जुगार ठरवून बंदी घातली आणि यंत्रे हातोड्यांनी फोडली. आपल्याकडच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेही निव्वळ कौशल्याचा खेळ वेगळा काढला आहे. भेद तोच.

१९४७ साली गॉटलीब कंपनीच्या यंत्राला विजेवर हलणारे पंखे बसले. बटण दाबताच पंखा खाली येणारी गोळी पुन्हा वर उडवी. खेळणाऱ्याच्या हाती आता काही आले.

इटलीतल्या बोलोन्याच्या मारिनो, फ्रांको आणि नताले या झक्कारिया बंधूंनी १९७४ साली अशी यंत्रे बनवायला घेतली. अमेरिकेच्या बॅली व विल्यम्स यांच्या खालोखाल जगात तिसरी, एवढी त्यांची कंपनी वाढली. १९८३ सालचे त्यांचे एक यंत्र 'फार्फाल्ला', म्हणजे फुलपाखरू. मध्यंतरी १९७६ साली न्यूयॉर्कची बंदीही उठली. रॉजर शार्प नावाच्या खेळाडूने नगरसभेपुढे गोळी कुठून जाईल ते आधी सांगितले आणि ती तिथूनच गेली!

मग पडद्यावरचे खेळ आले. त्यांच्या लाटेत पिनबॉलचा धंदा बसला आणि १९९० पर्यंत झक्कारियांचा कारखानाही थांबला. आता त्यांची यंत्रे मोबाइलवर चित्ररूपाने खेळता येतात.

तेव्हा पुढच्या यात्रेत मूल पैसे मागेल, तर एकदम नाही म्हणू नका. आधी एवढेच पाहा, खेळात त्याच्या हाताला काही काम आहे का? असेल तर खुशाल खेळू द्या. नसेल, तर त्या पैशांची गोडीशेव घ्या.