हवासाहाय्यित पुढचा फोर्क (ट्रायल्स मोटारसायकल)

हवासाहाय्यित पुढचा फोर्क ही मोटारसायकलच्या पुढच्या चाकाची अशी निलंबन व्यवस्था आहे, जिच्यात पोलादी स्प्रिंगच्या जोडीला बंदिस्त हवेचा दाबही भार पेलतो. केवळ हवेवर चालणाऱ्या फोर्कपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. ट्रायल्स या क्रीडाप्रकारात वेगापेक्षा तोलाला महत्त्व असते. खडक, ओंडके व ओढे पार करताना स्वाराचा पाय एकदा टेकल्यास १, दोनदा टेकल्यास २, त्याहून अधिक वेळा टेकल्यास ३ आणि टप्पा पार न झाल्यास ५ दंडगुण मिळतात. त्यामुळे पुढच्या चाकाची पकड निर्णायक ठरते.

रचना

टेलिस्कोपिक फोर्कच्या प्रत्येक पायात एक नळी दुसरीत सरकते. आत स्प्रिंग व तेल असते आणि तेलावरच्या मोकळ्या जागेत हवा असते. वरच्या झाकणात टायरच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह बसवतात. काही फोर्कमध्ये दोन्ही पाय बारीक नळीने जोडतात, म्हणजे दाब समान राहतो. हालचाल आवरण्याचे काम लहान छिद्रांतून वाहणारे तेल करते. हवा ते करीत नाही.

कार्यतत्त्व

साधी स्प्रिंग दर सेंटिमीटरला सारखाच वाढीव विरोध करते. हवेचा विरोध मात्र दाबत जावे तसा झपाट्याने वाढतो. तापमान स्थिर असता वायूचे घनफळ निम्मे झाले की त्याचा निरपेक्ष दाब दुप्पट होतो, हा रॉबर्ट बॉइल यांचा नियम (१६६२) येथे लागू पडतो.

उदाहरणार्थ, ३९ मिमी व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ सुमारे १२ चौ. सेंमी. असते. वातावरणापेक्षा ०.५ बार अधिक दाब भरल्यास एका पायात सुमारे ६० न्यूटन बल मिळते. हवेची जागा निम्मी झाली की हेच बल सुमारे २४० न्यूटन होते. हवा मुद्दाम भरली नाही, तरी आत अडकलेल्या हवेमुळे त्याच स्थितीत सुमारे १२० न्यूटन बल निर्माण होते. प्रत्यक्षात जलद दाबाने हवा तापते आणि बल याहून थोडे अधिक भरते.

तेलाची पातळी वाढवल्यास हवेची जागा घटते व मुख्यतः शेवटच्या टप्प्यातील कडकपणा वाढतो. हवेचा दाब वाढवल्यास मात्र फोर्क सुरुवातीपासूनच कडक होतो.

ट्रायल्समधील उपयोग

ट्रायल्सच्या गाडीचे वजन साधारण ७० किग्रॅ. असते, म्हणजे उभ्याने चालवणारा स्वार बहुधा गाडीइतकाच जड असतो. तो फोर्क दाबून सोडतो आणि त्या उसळीवर पुढचे चाक उचलतो. लहान दगडांवर फोर्क मऊ हवा, तर उंच खडकावरून उतरताना तो तळाला आदळू नये. हवेचा वाढता विरोध या दोन्ही गरजांचा मेळ घालतो. शिवाय स्प्रिंग न बदलता स्वाराच्या वजनाप्रमाणे जुळवणी करता येते.

इतिहास

बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये तेलाच्या अवमंदनाचा टेलिस्कोपिक फोर्क बाजारात आणला. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हेलोसेट व पँथर या ब्रिटिश गाड्यांना डाउटी कंपनीचे हवेवर चालणारे फोर्क बसवले जात. त्यांत स्प्रिंग नसल्याने सील गळल्यास फोर्क खाली बसे. स्प्रिंग कायम ठेवून हवेची मदत घेण्याची पद्धत १९७० च्या दशकात मोटोक्रॉसमध्ये रुळली; होंडाच्या १९८० च्या गोल्ड विंगलाही असे फोर्क होते.

मर्यादा व निगा

दाब वाढला की सीलची कड नळीवर घट्ट बसते व घर्षण वाढते. मग बारीक खडे फोर्क टिपत नाही आणि चाकाची पकड सुटते. म्हणून दाब शक्य तितका कमी ठेवतात. हवा भरताना पुढचे चाक जमिनीपासून उचललेले असावे. हवेची जागा लहान असल्याने हातपंपच वापरावा. कॉम्प्रेसरने क्षणात दाब मर्यादेबाहेर जाऊन सील निकामी होऊ शकते. समुद्रसपाटीला बंद केलेल्या फोर्कमध्ये १,००० मीटर उंचीवर सुमारे ०.११ बार जादा दाब आढळतो; तो व्हॉल्व्हमधून सोडून द्यावा लागतो. नळीवर तेलाचा ओघळ दिसणे हे सील बदलण्याची वेळ आल्याचे लक्षण होय. मात्र गळती झाली तरी स्प्रिंग भार पेलत राहते, हा या रचनेचा मोठा फायदा आहे.