नाताळाचे वर्गपाठ

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात नीस्की नावाचे गाव आहे. ते मोरावियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी वसवले. या पंथाचे मिशनरी ग्रीनलंडपासून वेस्ट इंडीजपर्यंत पांगलेले असत आणि त्यांची मुले मात्र मायदेशी, निवासी शाळांत वाढत. १८३० च्या सुमारास इथल्या मुलांच्या शाळेत भूमितीच्या तासाला एक वस्तू आकाराला आली. अठरा चौरस आणि आठ त्रिकोण जोडून सव्वीस पृष्ठांची घनाकृती करायची, एक पृष्ठ टांगण्यासाठी मोकळे सोडायचे आणि उरलेल्या प्रत्येकावर कागदाचा निमुळता सुळका बसवायचा. पंचवीस टोकांची चांदणी तयार. पुढे मुले दरवर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाच्या चार आठवडे आधी, आपापली चांदणी जोडू लागली. १८९७ मध्ये जवळच्याच हेर्नहूट गावात तिचा कारखाना निघाला, आणि तो आजही चालू आहे. भूमितीच्या एखाद्या पाठाला याहून मोठे यश मिळाल्याचे उदाहरण सापडणे कठीण.

शाळांनी नाताळ साजरा केला हे सगळेच सांगतात. पण आज ज्याला आपण नाताळ म्हणून ओळखतो, त्यातला बराच ऐवज शाळांनीच घडवला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

आगमनकाळातले मेणबत्त्यांचे वर्तुळ घ्या. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न या पाद्र्याने १८३३ मध्ये गरीब, उनाड ठरवलेल्या मुलांसाठी एक आश्रमशाळा काढली होती. नाताळ कधी, नाताळ कधी, असे ही मुले रोज विचारून त्याला भंडावून सोडत. १८३९ मध्ये त्याने गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर चोवीस मेणबत्त्या बसवल्या. आठवड्याच्या इतर वारांसाठी लहान तांबड्या वीस, रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या चार. रोज एक पेटवायची आणि किती उरल्या ते आपणच मोजायचे. प्रश्न मिटला, वर अंकगणितही झाले. पुढे चाक गेले, हिरव्या डहाळ्या आल्या, वीस मेणबत्त्या गळून चारच राहिल्या. महाराष्ट्रातल्या कॅथलिक शाळांच्या प्रार्थनासभेत डिसेंबरात दिसणारे चार मेणबत्त्यांचे चक्र ते हेच.

‘सायलेंट नाइट’ या गीताची चाल बांधणारा फ्रान्झ ग्रुबर हाही पेशाने शाळामास्तर होता. ऑस्ट्रियात आर्न्सडॉर्फ या खेड्यात तो मुलांना शिकवी आणि शेजारच्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. तिथला साहाय्यक धर्मगुरू योसेफ मोर याने आपली कविता त्याच्या हाती दिली आणि २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री ती गिटारच्या साथीने गायली गेली. खेड्यातला मास्तर म्हणजे गावचा संगीतकारही, ही त्या काळातली रीतच होती. आपल्याकडेही गॅदरिंगच्या पेटीवर बसलेले मास्तर आठवून पाहा.

याच्याही मागे गेले की शाळा आणि नाताळ यांचे नाते जास्त खट्याळ दिसते. मध्ययुगीन इंग्लंडच्या मोठमोठ्या कॅथिड्रलांत ६ डिसेंबरला, म्हणजे मुलांचा कैवारी मानल्या गेलेल्या संत निकोलसच्या दिवशी, गायकवृंदातल्या एका मुलाला ‘बिशप’ निवडत. उंच टोपी, अंगरखा, हातात दंड असा सगळा थाट. २८ डिसेंबरला, हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांच्या स्मृतिदिनी, हा बालबिशप व्यासपीठावरून प्रवचन देई आणि मोठे धर्मगुरू खाली बसून ऐकत. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेचा संस्थापक जॉन कॉलेट हा गंभीर, विद्वान माणूस. पण १५१८ च्या शाळेच्या नियमांत त्यानेही लिहून ठेवले की, मुलांनी त्या दिवशी बालबिशपचे प्रवचन ऐकावे आणि प्रत्येकाने त्याला एक पेनी वाहावी. आठव्या हेन्रीला हा प्रकार खपला नाही. १५४१ मध्ये त्याने तो बंद केला.

मुले मग आपल्या मार्गाने गेली. नाताळाच्या सुट्टीआधी मास्तरांनाच वर्गाबाहेर ठेवून दारे-खिडक्या आतून बंद करायच्या आणि सुट्टी कबूल करून घेतल्याशिवाय कडी काढायची नाही, ही चाल इंग्लंड-स्कॉटलंडात तर होतीच, अमेरिकेतल्या वसाहतींतही पोचली. ‘स्पेक्टेटर’चा निबंधकार जोसेफ ॲडिसन लिचफील्डच्या शाळेत अशा एका बंडाचा म्होरक्या होता, अशी हकीकत डॉ. जॉन्सनने त्याच्या चरित्रात नोंदवली आहे. ज्याचे संयत गद्य पुढच्या पिढ्यांना नमुना म्हणून वाचायला लावले, त्याच्याबद्दल हे कळले की जरा बरे वाटते.

अठराव्या शतकात शाळांना याहून शिस्तीची युक्ती सापडली. इंग्लंडमधले कागदविक्रेते बायबलमधल्या किंवा इतिहासातल्या प्रसंगांची वेलबुट्टीदार चौकट छापलेले मोठे कागद विकत. मधली जागा कोरी. सत्र संपता संपता प्रत्येक मुलाने त्या कोऱ्या जागेत आपले सर्वांत सुबक अक्षर काढायचे. मजकूर बहुधा धार्मिक किंवा नीतीचा. शाई सांडली, ओळ वाकडी गेली की नवा कागद आणि नवे पैसे, त्यामुळे या कामाला मन लावावेच लागे. हा कागद नाताळात घरी न्यायचा. वर्षभर फी भरलेल्या बापाला आपल्या पैशाचे काय झाले ते एका नजरेत कळे. धर्मादाय शाळांतली गरीब मुले हेच कागद वस्तीत दारोदार दाखवत आणि चार नाणी मिळवत. आपल्याकडच्या कित्त्याशी याचे नाते जवळचे, पण कित्ता गिरवून कोणी बक्षिसी मागत फिरल्याचे ऐकिवात नाही. १८४३ मध्ये हेन्री कोल याने पहिले छापील नाताळकार्ड काढले, आणि पुढच्या काही दशकांत शाळेतले हे सुलेखनाचे कागद मागे पडले. हाताने मेहनत करून दाखवायच्या शुभेच्छेची जागा विकतच्या शुभेच्छेने घेतली. आज शाळेत मुलांकडून पुन्हा हाताने कार्डे करून घेतात तेव्हा बाई नकळत त्या जुन्या प्रथेकडेच वळलेल्या असतात.

आता या गोष्टीचा मराठी मुलुखाशी संबंध. तो सरळ नाही, आणि त्यातच त्याची गंमत आहे.

मुंबईत २५ डिसेंबर १७१८ रोजी सेंट थॉमस चर्च उपासनेसाठी खुले झाले. त्यामागे धडपड होती रिचर्ड कॉब या इंग्रज धर्मगुरूची. त्याच सुमारास त्याने गरीब मुलांसाठी एक धर्मादाय शाळाही काढली. ती १८१५ मध्ये बॉम्बे एज्युकेशन सोसायटीकडे गेली आणि देवळालीची बार्न्स स्कूल ही त्याच परंपरेतली. पण ही शाळा युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांची. मराठी मुलांसाठी मिशन शाळा काढल्या त्या मुख्यतः अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी. आणि या दोघांच्याही घरी नाताळ नव्हता!

हे विधान पटायला जड जाते, पण ते खरे आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले ते बोस्टनच्या मिशन मंडळाने पाठवलेले. त्यांची परंपरा न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांची. बायबलात २५ डिसेंबर ही तारीख कुठेही नाही, तेव्हा हा सण म्हणजे माणसांनी घुसडलेली चैन, असे प्युरिटन मानत. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता. तो कायदा १६८१ मध्ये गेला, पण कटाक्ष राहिला. बोस्टनच्या सरकारी शाळा १८७० च्या सुमारापर्यंत नाताळाच्या दिवशी नेहमीसारख्या भरत. स्कॉटलंडची तऱ्हा तीच. तिथल्या संसदेने १६४० मध्ये नाताळाची सुट्टी रद्द केली, आणि २५ डिसेंबर ही सार्वजनिक सुट्टी व्हायला १९५८ साल उजाडले. १८२९ मध्ये मुंबईत आलेले डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या शाळेतून विल्सन कॉलेज उभे राहिले, ते याच स्कॉटिश चर्चचे.

१८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) ठाणे दिले. सिंथिया फरार १८३९ मध्ये तिथे आल्या आणि १८६२ मध्ये मरण पावेपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली ती फरारबाईंची नगरची शाळा पाहून. वाचन, लेखन, हिशेब, भूगोल, शिवण आणि शास्त्रपाठ असा तो अभ्यास. गव्हाणी, तारा, तीन ज्ञानी, मेंढपाळ हे सारे वर्गात होते, पण लूक आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांतला पाठ म्हणून. सण म्हणून नव्हे.

मग सण आणला कोणी? एक धागा कॅथलिकांचा. गोव्यात १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर रस्त्यांतून घंटी वाजवत फिरे आणि मुलांना धर्मपाठासाठी गोळा करी. पुढे गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना अक्षरांबरोबर सूर आणि व्हायोलिन शिकवले गेले. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते राचोलला छापले गेले. ते चर्चमध्ये आणि घरांत वाचले जाई. येशूजन्माची कथा त्यातल्या दुसऱ्या पुराणात आहे. वसईतही पोर्तुगीज अमदानीपासून कॅथलिक गावांत नाताळ मुरला होता. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावरही तो गेला नाही.

दुसरा धागा नगरच्या मराठी ख्रिस्ती लोकांचा. परदेशी चालीवरची भाषांतरित पदे त्यांच्या गळ्यात बसेनात. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कथेचे कीर्तन उभे केले. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नगरला आले, मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवू लागले आणि त्यांच्या अभंगांनी व भजनांनी उपासनेचा सूरच बदलला. १९०९ मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले. त्यांच्या हातून सुमारे दहा अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. ज्यांना लग्नाच्या वेळी धड वाचता येत नव्हते त्या लक्ष्मीबाई! ग्रंथ १९३८ मध्ये छापून निघाला तेव्हा त्याही हयात नव्हत्या. टाळ-मृदंग हाताशी असलेल्या अशा समाजाला येशूजन्माचा दिवस कोरडा घालवणे शक्यच नव्हते. एकोणिसावे शतक सरताना अमेरिकेतही जुना विरोध मावळला होता, ही सोय वेगळी.

एक कारण सरकारीही होते. नाताळात कोर्टकचेऱ्या बंद असत, म्हणून शाळाही बंद. या सुट्टीचा उपयोग चर्चशी संबंध नसलेल्यांनीही केला. काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत २८ ते ३१ डिसेंबर १८८५ ला भरले ते वकील मंडळी मोकळी असतात म्हणूनच. शाळांमध्ये सुट्टीआधीचा आठवडा रिकामा पडे. त्यात स्नेहसंमेलन, बक्षीससमारंभ आणि येशूजन्माचा देखावा बसला.

या देखाव्याला नगर जिल्ह्यातल्या मुलांना फार समजावून सांगावे लागत नसणार. बर्फ आणि पाइन कधी न पाहिलेल्या मुलाला रात्री कळप राखत बसलेला मेंढपाळ मात्र पाठ असतो; सुगीनंतर शेतात मेंढ्या बसवणारे धनगर तो दरवर्षी पाहतो. घोंगडी, काठी, मुंडासे घरचेच. गव्हाणी गोठ्यातली. पाइनच्या जागी सुरूची फांदी आली, आणि दिवाळीला कामट्या, पतंगी कागद आणि खळ घेऊन आकाशकंदील करायला शिकलेला हात दोन महिन्यांनी चांदणी करू लागला. नीस्कीच्या मुलांनी पुठ्ठ्यातून शिकलेली भूमिती इथे कामटीतून शिकली गेली.

आज या मिशन शाळांतली बहुसंख्य मुले ख्रिस्ती नाहीत. मारिया झालेली मुलगी देशमुख असते आणि गाब्रिएल दूत शेख. घटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत कोणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही असे ठरवले आहे. त्यामुळे वर्गातला शास्त्रपाठ आणि रंगमंचावरचा देखावा वेगळे झाले. हा फरक सांभाळणे मुख्याध्यापकांना दर डिसेंबरात करावे लागणारे नाजूक काम आहे, आणि बहुतेक जण ते गाजावाजा न करता करतात. याउलट बाजारातून आणलेली प्लास्टिकची तयार चांदणी आणि यूट्यूबवरचे नाच ही या शाळांची आळशी बाजू. कामटी वाकवण्याचा तास गेला की त्यातला धडाही गेला.

या सगळ्याचा एक मोठा ठेवा कागदावर आहे आणि तो विखुरलेला आहे. मिशन शाळांतल्या शिक्षक-शिक्षिकांनी दरवर्षी नाताळासाठी नाटुकली लिहिली, पदे बांधली. त्यातले फारच थोडे छापले गेले; बाकीचे वह्यांत, वार्षिकांकांत, गॅदरिंगच्या कार्यक्रमपत्रिकांत आहे. नगर, वसई, सातारा, मिरज, जालना, कुठेही कोणाच्या घरी आजी-आजोबांची अशी वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. तिची झेरॉक्स काढून जवळच्या ग्रंथालयात किंवा शाळेत द्या, आणि वहीवर लिहिणाऱ्याचे नाव व साल आठवणीने घाला.