आजीच्या हातातला पक्षी

अथेन्सच्या केरामाइकोस स्मशानातल्या अँफारेतीच्या स्मृतिशिळेवर एक बाई बसली आहे. डाव्या हातावर कापडात गुंडाळलेलं तान्हं, उजव्या हातात लहानसा पक्षी. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे संगमरवरी शिल्प पाहून कुणालाही वाटेल, ही बाळंतपणात गेलेली आई आणि पक्षी म्हणजे उडून गेलेला प्राण. पण शिळेवर कोरलेल्या ओळी वेगळंच सांगतात. ही आजी आहे, बाळ तिच्या लेकीचं. जिवंतपणी ती त्याला मांडीवर घेई; आता दोघंही गेली आहेत. एवढं कळल्यावर पक्षी पुन्हा पाहावा. आजी तो नातवंडापुढे धरते आहे, खुळखुळा धरावा तसा. पारोस बेटावरच्या शिळेतली मुलगीही आपली दोन कबुतरं अशीच जवळ घेऊन उभी आहे. या दगडांवरच्या वस्तू आधी घरातल्या आहेत, आणि प्रतीकांचा कोश उघडण्याआधी त्यांना घरातच पाहायला हवं. हेगेसोच्या शिळेवर ती पेटीतून काढलेलं काहीतरी बोटांत धरून न्याहाळते आहे. तो दागिना रंगवलेला होता, रंग उडाला; त्या रिकाम्या चिमटीत वैराग्य शोधणं म्हणजे झिजलेल्या दगडाला तत्त्वज्ञान चिकटवणं.

काही खुणा ठरलेल्या होत्याच, असा आक्षेप येईल. खरं आहे: लुत्रोफोरोस हा उंच मानेचा घडा अविवाहिताच्या थडग्याची खूण मानला जातो. पण तो लग्नाच्या स्नानाचं पाणी आणण्याचा घडा. राहून गेलेल्या विधीतूनच त्याला अर्थ येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाथरवट ठरावीक नमुने पुन्हा पुन्हा कोरत, मग त्यांत एका घराचं दुःख कसं शोधायचं? माझ्या मते म्हणूनच अक्षरांचं मोल वाढतं. डेक्सिलिओसच्या शिळेवर घोडेस्वार शत्रूला तुडवतो आहे. खालचा लेख सांगतो की तो इ.स.पू. ३९४ मध्ये कोरिंथजवळच्या लढाईत पडला. जन्माचं वर्षही दिलं आहे, त्यावरून वय जेमतेम वीस. चित्रात विजय आहे, अक्षरांत मरण, आणि आईबापांना दोन्ही हवं होतं.

इ.स.पू. ३१७ मध्ये सत्तेवर आलेल्या फालेरोनच्या देमेत्रिओसनं थडग्यांवरच्या खर्चाला कायद्यानं आळा घातला. पुढे तीन हातांहून उंच नसलेला साधा खांब उरला. त्यावर नाव, वडिलांचं नाव, गाव एवढं मावे. नातवंडाला खेळवणाऱ्या आजीला तिथं जागा नव्हती.